एका वेळी एकच फोटॉन: क्वांटम डॉटला आरशांच्या मध्ये का ठेवतात

चवथ जवळ आली की पणजी, म्हापसा, मडगाव कुठेही जा, टीव्हीच्या शोरूमबाहेर ऑफरचे बोर्ड लागलेले असतात आणि हल्ली त्यात 'क्वांटम डॉट' हा शब्द हमखास दिसतो. सेल्समनला विचारलं तर तो सांगतो की रंग एकदम भारी दिसतात, आणि ते खरंच आहे. पण याच नावाची एक वेगळी वस्तू फिजिक्सच्या लॅबमध्ये पंचवीस तीस वर्षं लोक जिवापाड सांभाळतायत, तिच्यातून प्रकाशाचा एकेक कण हवा तेव्हा हव्या त्या दिशेला काढायचा प्रयत्न चाललाय, आणि त्याबद्दल मराठीत फार कमी वाचायला मिळतं म्हणून हे लिहायला घेतलं. बारावीला बोरचा अणू शिकलेल्या कुणालाही हे समजेल, गणित लागणार नाही.

आधी टीव्हीतल्या डॉटचं उरकून घेऊ. क्वांटम डॉट म्हणजे सेमीकंडक्टरचा काही नॅनोमीटर आकाराचा कण. एवढ्या छोट्या जागेत इलेक्ट्रॉन कोंडला की त्याला वाटेल ती ऊर्जा घेता येत नाही, ठराविक पायऱ्याच मिळतात, आणि जागा जितकी लहान तितक्या त्या पायऱ्या लांब लांब. म्हणून तेच मटेरियल, कॅडमियम सेलेनाइड म्हणा, दोन तीन नॅनोमीटरचं असेल तर निळ्या हिरव्याकडे आणि सहा नॅनोमीटरचं असेल तर लाल चमकतं. रंग बदलायला केमिस्ट्री बदलावी लागत नाही, नुसता आकार बदलायचा. टीव्हीत मागे निळे एलईडी असतात आणि पुढच्या फिल्ममधले डॉट त्यातला काही निळा प्रकाश गिळून शुद्ध हिरवा आणि लाल देतात, बस. हे शोधणाऱ्या अलेक्सी एकिमोव्ह, लुई ब्रस आणि मौंगी बावेंडी या तिघांना 2023 चं केमिस्ट्रीचं नोबेल मिळालं.

लॅबमधला डॉट असा बाटलीत तयार होत नाही, तो क्रिस्टलच्या आत वाढवतात. गॅलियम आर्सेनाइडची चकती अतिशय कडक व्हॅक्यूममध्ये तापवायची आणि तिच्यावर अणूंचा झोत सोडून एकेक थर चढवायचा. त्यावर इंडियम आर्सेनाइड चढवायला गेलं की गंमत होते, कारण इंडियम आर्सेनाइडमधलं अणू-अणूतलं अंतर खालच्या थरापेक्षा सुमारे 7 टक्क्यांनी जास्त आहे. पहिला दीड थर कसाबसा सपाट बसतो, मग ताण सहन होत नाही आणि पुढचं मटेरियल आपोआप छोट्या छोट्या टेकड्यांत गोळा होतं. कुणी कोरत नाही, साचा लागत नाही. एकेक टेकडी साधारण 20 नॅनोमीटर रुंद आणि काही नॅनोमीटर उंच, आत लाखभर अणू. वरून परत गॅलियम आर्सेनाइडचा थर टाकला की टेकडी क्रिस्टलमध्ये पुरली जाते, हा आपला डॉट. लाखभर अणू असूनही तो वागतो मात्र एकाच अणूसारखा, म्हणून त्याला 'कृत्रिम अणू' असंही म्हणतात.

त्याच्यावर लेझरचा छोटा पल्स टाकला की एक इलेक्ट्रॉन वरच्या पायरीवर जातो, खाली त्याची रिकामी जागा राहते, आणि साधारण एक नॅनोसेकंदात म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागात तो परत खाली येतो आणि येताना एक फोटॉन सोडतो. एकच. दुसरा सोडायला आधी परत वर जावं लागणार. इतकं सगळं छान आहे पण दोन ठिकाणी अडतं. एक म्हणजे तो नक्की कधी खाली येईल हे सांगता येत नाही, एक नॅनोसेकंद ही सरासरी झाली. दुसरं म्हणजे फोटॉन कुठल्या दिशेला जाईल तेही सांगता येत नाही, आणि गॅलियम आर्सेनाइडचा रिफ्रॅक्टिव्ह इंडेक्स 3.5 च्या आसपास असल्यामुळे सरळ वर जाणाऱ्या रेषेपासून सोळा सतरा अंशांपेक्षा जास्त तिरका गेलेला प्रकाश पृष्ठभागावरून परत आतच वळतो. हिशेब केला तर सपाट चकतीच्या वरच्या बाजूने फक्त 2 टक्के प्रकाश बाहेर येतो. पन्नास फोटॉन तयार झाले तर एक हातात.

आता इथे मुख्य प्रश्न येतो. अणू आपणहून प्रकाश सोडतो याला स्पॉन्टेनियस एमिशन म्हणतात, आइन्स्टाईनने 1916-17 मध्ये याचा हिशेब मांडला, आणि पुढे कितीतरी वर्षं सगळे असंच धरून चालले की हा वेग म्हणजे त्या अणूचा स्वतःचा गुण, जसा किरणोत्सर्गी पदार्थाचा हाफ-लाइफ असतो तसा. बाहेरून काही करून त्याला हात लावता येणार नाही. मला अजूनही वाटतं की या विषयातली सगळ्यात सुंदर गोष्ट कुठली असेल तर हे गृहीतक चुकीचं निघालं ही.

ते चुकीचं आहे हे 1946 साली एडवर्ड पर्सेल या अमेरिकन शास्त्रज्ञाने एका परिच्छेदात दाखवलं. खरोखर एक परिच्छेद, एका सभेसाठी पाठवलेला सारांश. तो लेझर किंवा सेमीकंडक्टरवर काम करत नव्हता, रेडिओ लहरी आणि अणुकेंद्रांचं चुंबकत्व हा त्याचा विषय, त्याच कामासाठी 1952 चं फिजिक्सचं नोबेल त्याला फेलिक्स ब्लॉखबरोबर मिळालं. त्याने हिशेब केला की सेकंदाला एक कोटी कंपनांच्या रेडिओ लहरीवर एखादं केंद्रक आपणहून ऊर्जा सोडेल म्हटलं तर त्याला 5 वर एकवीस शून्यं इतके सेकंद लागतील. विश्वाच्या वयाच्या दहा हजार पटीहून जास्त झाला हा वेळ. आणि पुढच्याच वाक्यांत तो म्हणतो की त्या पदार्थात धातूचे शंभरावा भाग मिलिमीटरचे बारीक कण मिसळा, ते छोट्या रेझोनेटरसारखे, म्हणजे ठराविक कंपनालाच जोरात साथ देणाऱ्या वस्तूसारखे वागतील आणि हाच वेळ काही मिनिटांवर येईल. केंद्रक तेच, आजूबाजूची जागा फक्त बदलली.

हे कसं शक्य आहे ते समजायला आपलं घुमट हे वाद्य बघा. मातीचं भांडं, दोन्हीकडे तोंडं, मोठ्या तोंडावर चामडं ताणून बसवलेलं, पूर्वी घोरपडीचं असायचं आता बकऱ्याचं असतं, आणि दुसरं छोटं तोंड उघडं. चवथीच्या आरतीला वाजवणारा एका हाताने चामड्यावर थाप देतो आणि दुसऱ्या हाताचा तळवा त्या छोट्या तोंडावर उघडझाप करत असतो, नीट बघितलंत तर कळेल की थाप तीच असताना तळव्यामुळे आवाज पार बदलतो, कधी खोल घुमतो कधी दबतो. तेच चामडं भांड्याशिवाय नुसतं लाकडी कड्यावर ताणून वाजवलं तर फट्ट असा आवाज येईल. म्हणजे आवाज नुसता चामड्याचा नसतो, आतली हवा ज्या कंपनांना जागा देते त्या कंपनांत चामड्याची ऊर्जा पटकन जाते आणि ज्यांना जागा नाही त्यांत जात नाही. डॉट म्हणजे चामडं आणि त्याच्या भोवतीची पोकळी म्हणजे भांडं. एका जागी मात्र हे जुळत नाही तेही सांगून टाकतो. चामड्याला थाप कुणीतरी देतं, पण वर गेलेला इलेक्ट्रॉन खाली यायला कुणीच धक्का देत नाही. क्वांटम थिअरीप्रमाणे पूर्ण रिकाम्या अंधाऱ्या जागेतही प्रकाशाचं फील्ड शांत नसतं, शून्याभोवती कायम हलकंसं थरथरत असतं, आणि त्या थरथरीशी जोडलेला असल्यामुळेच इलेक्ट्रॉन खाली येतो. आरसे लावून आपण नेमकी हीच थरथर बदलतो. काही तरंगलांबींसाठी ती वाढते, काहींसाठी जवळजवळ बंद होते. फोटॉनला जायला वाटा किती आहेत यावर तो किती लवकर निघेल हे ठरतं, आणि वाटा आपण आखू शकतो.

प्रयोगात हे दिसायला वेळ लागला. 1970 च्या सुमारास जर्मनीत कार्ल ड्रेक्सहागेने युरोपियमच्या रेणूंचा पातळ थर आरशापासून वेगवेगळ्या अंतरावर ठेवला, मध्ये फॅटी ॲसिडचे एकेक रेणूजाडीचे थर चढवून अंतर मोजूनमापून वाढवत नेलं, आणि चमकण्याचा वेळ अंतराप्रमाणे कमी जास्त होताना दिसला. एकच आरसा होता. मग 1983 मध्ये पॅरिसला सर्ज अरोशच्या ग्रुपने पोकळीत सोडियमच्या अणूंचं उत्सर्जन वेगात होताना पकडलं आणि 1985 मध्ये एमआयटीत डॅनियल क्लेप्नरच्या ग्रुपने उलटं करून दाखवलं, दोन धातूच्या पट्ट्यांमधलं अंतर इतकं कमी ठेवलं की त्या तरंगलांबीला आत जागाच नाही, आणि सिझियमचे अणू निदान वीस पट जास्त वेळ वरच टिकून राहिले. अरोशला 2012 चं नोबेल मिळालं. हे सगळं मात्र उडत्या अणूंवर, मोठ्या यंत्रांत. चिपवर आणायचं तर सेमीकंडक्टरच हवा.

तर आता आपला डॉट घेऊ आणि त्याला भांडं बांधू. साधा चांदीचा आरसा चालत नाही, तो थोडा प्रकाश गिळतोच. त्याऐवजी गॅलियम आर्सेनाइड आणि ॲल्युमिनियम आर्सेनाइडचे आळीपाळीने थर चढवतात, प्रत्येक थराची जाडी त्या मटेरियलमधल्या तरंगलांबीच्या बरोबर चौथा भाग. 940 नॅनोमीटरच्या प्रकाशासाठी गॅलियम आर्सेनाइडचा थर 67 नॅनोमीटरच्या आसपास आणि दुसरा 80 च्या आसपास. प्रत्येक सीमेवरून थोडासाच प्रकाश परत येतो, पण जाडी अशी निवडलेली असते की सगळ्या सीमांवरून आलेल्या लाटा एकमेकींना जोड देतात, वीस पंचवीस जोड्या झाल्या की 99 टक्क्यांहून जास्त प्रकाश परततो. खाली असा एक आरसा, वर एक, मध्ये पाव मायक्रॉनपेक्षा थोडी जास्त जाडीची जागा आणि त्या जागेच्या मधोमध डॉट. सगळं एकाच यंत्रात, एकाच क्रिस्टलमध्ये, व्हॅक्यूम न मोडता. वरच्या आरशात थोडे थर कमी ठेवतात, म्हणजे प्रकाश निघाला तर वरूनच निघेल.

एवढ्याने उभ्या दिशेला प्रकाश अडला, आडवा अजून पसरतोय. म्हणून मग ती सगळी चळत आजूबाजूने कोरून काढतात आणि दोन तीन मायक्रॉन व्यासाचा खांब उभा ठेवतात. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली त्याचे फोटो बघायला मिळाले तर जरूर बघा, खांबाच्या अंगावर फिक्या गडद पट्ट्या एकावर एक दिसतात, प्रत्येक पट्टी म्हणजे एक थर. याला मायक्रोपिलर म्हणतात.

पोकळी किती चांगली हे दोन आकड्यांवरून कळतं. एक क्यू, म्हणजे प्रकाश आत किती टिकतो. क्यू दहा हजार असेल तर फोटॉन आत पाच पिकोसेकंद राहतो, ऐकायला काहीच नाही पण तेवढ्यात तो शेकडो वेळा वर खाली करतो. दुसरा आकडा प्रकाशाने व्यापलेलं घनफळ. पर्सेलचं सूत्र सांगतं की उत्सर्जनाचा वेग क्यूच्या प्रमाणात वाढतो आणि घनफळाच्या प्रमाणात घटतो. म्हणजे प्रकाश लहान जागेत कोंडा आणि जास्त वेळ कोंडा. अर्थात डॉट बरोबर मध्ये बसला पाहिजे आणि त्याचा रंग पोकळीच्या रंगाशी जुळला पाहिजे, नाहीतर सूत्रातला आकडा कागदावरच राहतो. 1998 मध्ये फ्रान्समध्ये ज्याँ-मिशेल जेरार आणि सहकाऱ्यांनी मायक्रोपिलरमधले डॉट पाच पट लवकर चमकतात असं दाखवलं आणि तिथून या विषयाने खरा वेग घेतला.

पाच पट म्हणजे फक्त घाई झाली असं समजू नका, दिशेचा प्रश्नही त्यातच सुटतो. पोकळीच्या वाटेने जायचा वेग पाच आणि बाकी सगळ्या दिशा मिळून वेग एक धरला, तर सहातले पाच फोटॉन म्हणजे 83 टक्के एकाच ठरलेल्या वाटेने जातात. आठवा, सपाट चकतीतून 2 टक्के येत होते. तिसराही एक फायदा आहे ज्याबद्दल कमी बोललं जातं. क्रिस्टलमध्ये आजूबाजूला अणूंची थरथर आणि भरकटलेले चार्ज असतात, त्यामुळे डॉटचा रंग बारीकसा हलत असतो, आणि फोटॉन जितका लवकर निघेल तितकी ही गडबड त्याच्यावर कमी उमटते. मग एकामागून एक आलेले फोटॉन हुबेहूब सारखे निघतात. क्वांटम कॉम्प्युटिंगमध्ये फोटॉन एकमेकांशी इंटरफिअर व्हावे लागतात, त्यासाठी हा सारखेपणा लागतोच लागतो.

आता कुणी विचारेल, एकेक फोटॉन हवाच कशाला, लेझर मंद करून चालणार नाही का. नाही चालत. लेझर कितीही मंद केला तरी त्यातल्या फोटॉनांची संख्या पल्सागणिक वरखाली होत राहते, बहुतेक पल्स रिकामे, काहींत एक आणि अधूनमधून दोन. 1984 मध्ये चार्ल्स बेनेट आणि जिल ब्रासार्ड यांनी जी क्वांटम चावीची, म्हणजे गुप्त संदेशाची किल्ली एकेका फोटॉनवरून पाठवायची पद्धत सांगितली तिची सुरक्षितता एका बिटला एकच फोटॉन यावर उभी आहे, दोन गेले तर मधला चोर एक काढून घेतो आणि कुणाला पत्ता लागत नाही. त्यावर उपाय काढलेले आहेत पण मुळातच एकेक फोटॉन देणारा स्रोत असेल तर गोष्ट वेगळी.

आणि तो खरंच एकेक देतोय हे तपासायची रीत मला फार आवडते कारण ती इतकी साधी आहे. डॉटचा प्रकाश अर्धा इकडे अर्धा तिकडे करणाऱ्या काचेवर टाकायचा आणि दोन्ही बाजूंना एकेक डिटेक्टर लावायचा. फोटॉन अर्धा होत नाही, तो कुठल्यातरी एकाच बाजूला जातो. म्हणून दोन्ही डिटेक्टर एकाच क्षणी वाजता कामा नयेत. कॉम्प्युटरवर दोन क्लिकमधल्या वेळेचा आलेख काढला की लेझरच्या प्रत्येक पल्सला एक असे सारख्या उंचीचे सुळके ओळीने येतात, आणि मध्यभागी जिथे वेळेतला फरक शून्य आहे तिथला सुळका गायब असतो. तिथे उरलासुरला सुळका किती छोटा यावर स्रोताची शुद्धता ठरते. डॉटसाठी असे निकाल 2000 सालापासून यायला लागले.

पोकळी याहून चांगली झाली तर अजून एक पायरी आहे. फोटॉन बाहेर पडायच्या आधीच डॉट त्याला परत गिळतो, परत सोडतो, परत गिळतो, ऊर्जा दोघांत झोके घेते. 2004 मध्ये जर्मनीत वुर्झबर्गच्या आणि अमेरिकेत कॅलटेकच्या अशा दोन टीमनी एकाच डॉटवर हे दाखवलं. तापमान हळूहळू वाढवलं की डॉटचा रंग पोकळीच्या रंगाकडे सरकतो, स्पेक्ट्रममध्ये दोन सुळके जवळ येत जातात, आणि जिथे ते एकमेकांना ओलांडतील असं वाटतं तिथे ओलांडतच नाहीत, अंतर राखून एकमेकांपासून परत दूर जातात. त्या क्षणी हा डॉट आणि हा फोटॉन असं वेगळं बोलता येत नाही, दोघांचं मिळून एक मिश्रण झालेलं असतं.

खांब हा एकच मार्ग नाही. 1987 मध्ये एली याब्लोनोविच आणि केरळात जन्मलेले सजीव जॉन यांनी स्वतंत्रपणे सुचवलं की मटेरियलमध्ये ठराविक अंतरावर भोकं किंवा तसली रचना केली तर काही रंगांना आत शिरकावच राहणार नाही, याला फोटॉनिक क्रिस्टल म्हणतात, आणि अशा जाळीत एक दोन भोकं मुद्दाम गाळली की तिथे अतिशय छोटी पोकळी मिळते. आणि दोन आरशांमधला हाच आराखडा एकेका फोटॉनासाठी नाही पण लेझरसाठी तुमच्या खिशात पोचलेलाही आहे. जपानच्या केनिची इगा यांनी 1977 मध्ये चकतीला काटकोनात प्रकाश देणाऱ्या लेझरची कल्पना मांडली, आज आयफोन चेहरा ओळखतो तेव्हा तोंडावर न दिसणारे ठिपके टाकतात ते हेच लेझर.

एकेका फोटॉनाच्या बाबतीत गाडी कुठवर आलीय म्हणाल तर 2019 मध्ये चीनच्या टीमने मायक्रोकॅव्हिटीतल्या (म्हणजे अशाच छोट्या पोकळीतल्या) एकाच डॉटमधून निघालेले 20 फोटॉन एका मोठ्या ऑप्टिकल जाळ्यात सोडून बोसॉन सॅम्पलिंगचा, म्हणजे साध्या कॉम्प्युटरला जड जाणारा हिशेब फोटॉनांकडून करवून घ्यायचा प्रयोग केला, आणि 2021 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बासेलच्या ग्रुपने लेझरच्या दर शंभर पल्सना सरासरी 57 वेळा फायबरच्या टोकाला एकेक फोटॉन मिळवून दाखवला. पन्नासात एक वरून इथवर.

अडचणी अजून आहेत आणि त्या खऱ्या आहेत. टेकड्या आपोआप उगवतात म्हटलं, त्याचाच तोटा असा की त्या कुठे उगवतील आणि नक्की केवढ्या होतील हे हातात नसतं. यावर फ्रान्समध्ये पास्काल सेनेलार्टच्या ग्रुपने एक हुशार पद्धत बसवली, आधी थंड चकतीवर चांगला डॉट शोधून काढायचा आणि मग त्याच्याभोवतीच खांब आखायचा. पण एका डॉटचा रंग दुसऱ्याशी तंतोतंत जुळत नाही, तो इलेक्ट्रिक फील्ड किंवा ताण देऊन थोडा थोडा सरकवून जुळवावा लागतो. शिवाय हे डॉट 900 ते 950 नॅनोमीटरच्या आसपास चांगले चालतात आणि आपल्या घरापर्यंत आलेल्या फायबरमध्ये सगळ्यात कमी नुकसान होतं ते 1550 ला, किलोमीटरला 0.2 डेसिबलच्या जवळपास. म्हणून एक तर निघालेल्या फोटॉनचा रंग बदलतात किंवा मग थेट 1550 ला चमकणारे डॉट वाढवतात, दोन्हींवर जोरात काम चालू आहे.

भारतात 2023 मध्ये केंद्राने 6003.65 कोटींचं राष्ट्रीय क्वांटम मिशन मंजूर केलं आणि त्यातलं एक केंद्र खास मटेरियल आणि डिव्हाइससाठी आहे, आयआयटी दिल्लीत. एकट्या फोटॉनचे स्रोत आणि डिटेक्टर बनवणं हेही मिशनच्या कामात धरलेलं आहे. आपल्याकडची बीएस्सी एमएस्सीची मुलं पुढे काय करू विचारतात तेव्हा मी या क्षेत्राचं नाव आवर्जून घेतो, कारण इथे फिजिक्सबरोबर क्रिस्टल वाढवणारे, केमिस्ट, व्हॅक्यूम आणि इलेक्ट्रॉनिक्सचे हात सगळेच लागतात.

राहिला थंडीचा प्रश्न. वरचे सगळे चांगले आकडे 4 केल्विनच्या आसपासचे आहेत, म्हणजे उणे 269 डिग्री सेल्सियस. तापमान चढलं की क्रिस्टलची थरथर वाढते आणि इंडियम आर्सेनाइडच्या डॉटमधला इलेक्ट्रॉन त्याला कोंडून ठेवणाऱ्या ऊर्जेच्या उथळ खड्ड्यातून बाहेर निसटतो. खड्डा खोल असलेलं मटेरियल घेतलं तर चालतं का, तर 2014 मध्ये टोकियोच्या ग्रुपने गॅलियम नायट्राइडच्या डॉटमधून खोलीच्या तापमानाला एकेक फोटॉन काढून दाखवला. त्याचा रंग मात्र इतका पसरट असतो की दोन फोटॉन हुबेहूब सारखे निघत नाहीत, त्यामुळे चावी पाठवायला त्याचा उपयोग होऊ शकेल पण कॉम्प्युटिंगसाठी अजून तरी क्रायोस्टॅटमधला (अतिथंड ठेवणाऱ्या यंत्रातला) थंड डॉटच लागतो.